पुसट रेघ

म्हैस पान्हवली होती, बादली निम्मी भरली होती, आणि आमची मंडळी पदराखाली काहीतरी धरून गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. सकाळचे सहा वाजले असतील. "जरा भाईर या," म्हणाली. मी म्हणालो, "धार अर्धी सोडून?" तर म्हणाली, "सोडा."

चाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला धार अर्धी सोडायला कधी सांगितलं नव्हतं. घरात कुणाला काय झालं, या भीतीनं मी हात पुसत बाहेर आलो. तिनं पदर बाजूला केला. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर बोटाएवढी पांढरी प्लास्टिकची पट्टी होती. पट्टीला मध्ये एक खिडकी, खिडकीत एक लाल रेघ, ठसठशीत.

"दुसरी दिसती का बगा. तुमची नजर चांगली हाय."

मला आधी काही उमजेना. उमजलं तेव्हा लाजल्यासारखं झालं. सासऱ्यानं सुनेची असली वस्तू बघायची? आमच्या आईच्या काळात घरात कुणाला दिवस गेले तर पुरुषाला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, तेही आडून आडून कळायचं. इथं अजून कशाचा पत्ता नाही आणि पट्टी माझ्या हातात. पण सुनेच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. मुलगा दुधाचा टेम्पो घेऊन पहाटेच बार्शीला गेला होता. सून बारावी झालेली, तिला वाचता-समजता येत होतं. पण समजणं वेगळं आणि धीर होणं वेगळं. दोघी सासवा-सुना अर्धा तास त्या खिडकीकडं बघत बसल्या होत्या. एकीला रेघ दिसायची तेव्हा दुसरीला दिसायची नाही.

मी पट्टी घेऊन अंगणात आलो. उजाडलं होतं. तिरकी धरली की रेघ आहेसं वाटायचं, सरळ धरली की नाही. बायको पट्टीकडं बघत नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती. दाराच्या आड सुनेच्या बांगड्या वाजल्या. म्हणजे तीही तिथंच होती. आता मला एक शब्द बोलायचा होता. 'हाय' म्हणायचं का 'न्हाई'?

मी म्हणालो, "चष्मा आणतो."

चष्मा माझ्या खिशातच होता.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा रेघेवर काय लिहायचं? पण त्या सकाळपासून हा प्रश्न माझ्या मागं लागला आहे. शाळेत आम्हाला शिकवलं की नेहमी खरं बोलावं. खरं घडून गेलेलं असेल तर ते बोलता येतं. पण जे अजून व्हायचं आहे, किंवा झालंय का नाही हेच ठरलेलं नाही, त्याच्याबद्दल खरं बोलायचं म्हणजे काय बोलायचं?

पुसट रेघ बघणं हे खरं तर आम्हा शेतकऱ्यांचं रोजचं काम. आमच्या भागात रब्बीची ज्वारी महत्त्वाची. वडील होते तोवर चाड्यावर मूठ त्यांचीच असायची. पेरणी झाली की चौथ्या-पाचव्या दिवशी ते पहाटे रानात जायचे, मला बरोबर न्यायचे. तासाच्या तोंडाशी उकिडवं बसायचं, ऊन कोवळं आणि तिरकं असतानाच बघायचं. डोळे बारीक केले की काळ्या रानात एक पोपटी सावली लांबपर्यंत गेलेली दिसायची. उभं राहिलं की ती गायब. ते कोंब एवढे बारीक असायचे की जवळचा कोंब दिसायचा नाही, लांबची ओळ दिसायची.

वाटेनं जाणारे विचारायचे, "उगवली का?" वडील म्हणायचे, "बघू की." मला राग यायचा. मला ओळ दिसत होती, मग हे 'हो' का म्हणत नाहीत? एकदा ते दुसऱ्या टोकाला गेलेले बघून मी काडीनं तास उकरला. दाण्याला मोड आलेला होता, पांढरा, सुईसारखा. तो दाखवायला मी पळत गेलो. त्यांनी मारलं नाही. एवढंच म्हणाले, "बघायच्या घाईत मारलास की रं त्याला."

आमच्या शेजारच्या रानात एका वर्षी याच्या उलट झालं. पाऊस पडून वरची माती आवळून बसली होती. आठव्या दिवशीही काही दिसेना, म्हणून त्यांनी उगवण फसली असं ठरवलं आणि दुबार पेरणीसाठी कुळव घातला. कुळवाच्या फासेत कोंबच्या कोंब आले. आणखी एकजण 'उगवंल, उगवंल' म्हणत बसला. वाफसा गेला, रान पडीक राहिलं. म्हणजे 'हाय' म्हणून चुकला तरी घाटा आणि 'न्हाई' म्हणून चुकला तरी घाटा.

गुरांचंही तेच. गाय भरवली आणि एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आली नाही की आपण म्हणायचं, लागली असावी. पण ती 'असावी'च. खरं कळायला डॉक्टरनं दोन-तीन महिन्यांनी हात घालून तपासावं लागतं. भाकड म्हणून मी एक गाय बाजारात घालवली, तर घेणाऱ्याच्या दारात चार महिन्यांत व्याली. गावात एका पोरानं मेडिकलमधून माणसाची पट्टी आणून गाईचं मूत त्यात टाकलं होतं. गुरांच्या डॉक्टरला दाखवायला गेला तर डॉक्टर हसायचे थांबेनात. गाईच्या अंगात तो पदार्थ तयारच होत नाही, मग रेघ कुठनं उमटणार?

ज्वारीत चुकलं तर बियाण्याची पिशवी जाते. गाईत चुकलं तर पैसे जातात. माणसात चुकलं तर काय जातं, हे मला चाळीस वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. त्याकडं येतोच.

आठच्या सुमाराला बायकोनं आशाताईला बोलावून आणलं. पट्टी तिनंच दिली होती. सरकारकडून आशांना या पट्ट्या वाटायला मिळतात, 'निश्चय' असं तिचं नाव. नाव ज्यानं ठेवलं त्यानं पुसट रेघ पाहिली नसावी. आशाताई माझ्या पुतणीच्या वयाची, तिच्यापुढं माझा संकोच गेला. खाटेवर बसून तिनं सगळं समजावून सांगितलं. मला कळलं ते असं.

गर्भ आईच्या पोटात रुजायला लागला की त्याच्याभोवतीचा भाग, ज्याची पुढं वार होते, एक रस सोडायला लागतो. त्याला एचसीजी म्हणतात. तो आधी रक्तात येतो, मग लघवीत उतरतो. पट्टीवर त्याला धरणारी आणि रंग देणारी औषधं आखून ठेवलेली असतात. लघवीचे दोन-तीन थेंब खळग्यात टाकले की ओल पट्टीवरून पुढं सरकत जाते. वाटेत तो रस असला तर 'टी' जवळ रेघ उमटते. 'सी' जवळची रेघ नुसती पट्टी चालू आहे एवढंच सांगते. ती उमटली नाही तर पट्टीच बाद. सुरुवातीच्या दिवसांत हा रस साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होतो. रुजून एक-दोनच दिवस झाले असले तर रस थोडा, म्हणून रेघ पुसट. रात्रभर साठलेली सकाळची पहिली लघवी घ्यायची ती यासाठीच. खूप पाणी पिऊन तपासलं तर असलेली रेघही फिकी पडते.

"मग पुसट म्हंजे हाय का न्हाई?" बायकोनं विचारलं.

आशाताई म्हणाली, "रंग असला आणि वेळेत उमटली असली, तर पुसट असली तरी बहुतेक आहेच. पण पट्टी पाचेक मिनिटांतच बघायची. कागदावर वेळ लिहिलेली असते. त्यानंतर पट्टी वाळते आणि वाळताना तिथं राखट डाग पडतो. तो रेघेसारखाच दिसतो, पण ती रेघ नव्हे."

मी गप्प झालो. मी अंगणात पट्टी तिरकी-सरळ करून बघितली तेव्हा तिला अर्धा तास होऊन गेला होता. म्हणजे मी जे बघत होतो ते बघण्यासारखं राहिलेलंच नव्हतं. माझी चांगली नजर आणि खिशातला चष्मा, दोन्ही बिनकामाचे.

मग आशाताईनं जे केलं ते आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. ती आत गेली आणि सुनेला विचारलं, "तुला पाच मिनिटांत दिसली होती का?"

सून म्हणाली, "दिसली व्हती. गुलाबी व्हती. लई पुसट, पन व्हती."

म्हणजे जी रेघ खरी धरायची ती तिनं एकटीनं पाहिली होती. आम्ही तिला सोडून पट्टीला विचारत बसलो होतो.

आमच्या गावचे निवृत्त मास्तर वाचणारे गृहस्थ आहेत. त्यांना मी, घरचं नाव न काढता, या पट्टीचा इतिहास विचारला. त्यांनी सांगितलेलं ऐकून मी थक्क झालो. इजिप्त देशात तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका लिखाणात याचा उपाय दिला आहे. बाईनं गव्हाच्या आणि जवाच्या दाण्यांवर रोज लघवी करायची. दाणे उगवले तर ती गरोदर, नाही उगवले तर नाही. त्यातही गहू उगवला तर मुलगी आणि जव उगवला तर मुलगा. १९६३ साली तिथल्याच संशोधकांनी हे करून बघितलं. गरोदर बायकांच्या लघवीनं दहात सात वेळा दाणे उगवले, बाकीच्यांच्या लघवीनं उगवलेच नाहीत. मुलगा-मुलगीचा भाग मात्र साफ फसला. तो हव्यास तेवढा आजवर उरला आहे आणि आपल्याकडं त्यासाठी १९९४ साली कायदा करावा लागला. आमच्या गल्लीतल्या एकीनं आशाताईला विचारलंच होतं, रेघ गडद आली तर मुलगा का? रेघेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मास्तर म्हणाले, मधल्या काळात आफ्रिकेतल्या बेडकीला बाईच्या लघवीची सुई टोचत. बाई गरोदर असली तर बेडकी एका दिवसाच्या आत अंडी घालायची. नंतर हे काम प्रयोगशाळेत नळ्यांमध्ये होऊ लागलं. पण बेडकी असो की नळी, ती डॉक्टरच्या ताब्यात. बाईनं लघवी द्यायची आणि निरोपाची वाट बघायची. १९६७ साली अमेरिकेत मार्गारेट क्रेन नावाची एक तरुण बाई औषधाच्या कंपनीत डब्यांची, बाटल्यांची रचना करायच्या कामावर होती. प्रयोगशाळेत लावलेल्या नळ्या पाहून तिच्या मनात आलं, हे तर बाई घरी स्वतःच करू शकेल. तिनं साध्या प्लास्टिकच्या डबीत ते जमवूनही दाखवलं. वरचे लोक आधी नको म्हणाले. बाईला हे आपलं आपण कळलं तर डॉक्टरांचं काय आणि बाईचं काय, अशी त्यांना काळजी. पुढं तिच्या नावावर हक्कपत्र निघालं, ते तिनं एका डॉलरला कंपनीला लिहून दिलं. तो डॉलरही तिच्या हातात पडला नाही. १९७१ साली कॅनडात ही वस्तू पहिल्यांदा दुकानात आली.

मला यातलं एकच घोळत राहिलं. बाईच्या पोटातली बातमी आधी कुणाला कळावी, याचं भांडण एवढं जुनं आहे. आणि ती पट्टी पदराखाली झाकून गोठ्यात माझ्याकडं आली, तेव्हा ते भांडण आमच्या घरातही चालूच होतं. फक्त आम्हाला ते दिसत नव्हतं.

आता चाळीस वर्षांपूर्वीचं सांगतो.

१९८५-८६ चा सुमार असेल. आमच्या लग्नाला तीन वर्षं होत आली होती. पाळणा हलला नव्हता. शेंगांची खुरपणी चालू होती. दुपारी भाकरी खाताना बायको खाली मान घालून म्हणाली, "दिस वर गेल्यात. बारा-तेरा झालं. पन आत्यास्नी यवढ्यात नगं सांगाया. थोडं थांबू."

मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही. मी म्हणालो, "आसंलच की. थांबायचं कशाला?" आणि संध्याकाळी मीच आईला सांगितलं.

आईनं दिवा लावला, साखर वाटली. दोन दिवसांत गल्लीला कळलं. चार दिवसांत तिच्या माहेरी कळलं. तिचा भाऊ खण-नारळ, गूळ-शेंगदाणे घेऊन सायकलवर आला. त्या वेळी तालुक्याला लघवी तपासून सांगत असत, पण त्यासाठी बाईला घेऊन तालुक्याला कोण जाणार? आणि कशाला? मी 'आसंलच' म्हणालो होतो ना.

आठवडाभरात, पहाटे, तिच्या पोटात कळा आल्या आणि सगळं गेलं. नेहमीपेक्षा जास्त गेलं, असं ती म्हणत होती. आई उंबऱ्यावर बसून म्हणाली, "कायबी नव्हतंच. खुरपायला जाया नगं म्हणून थेरं केली." शेजारणीनं त्यावर, "भावाकडनं खण काढला बाई," असंही म्हणून घेतलं.

त्या वेळी मी काय केलं? रानात पाणी धरायला गेलो. लाईट होती, मोटार चालू करायची होती. काम खरंच होतं. पण चष्मा जसा खिशात होता, तसंच ते काम होतं.

तिनं कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. सांगितलं होतं ते मी. पण खोटी ठरली ती. तिसऱ्या दिवशी ती खुरपायला आली. वर्षभर कुणाच्या डोहाळजेवणाला ओटी भरायला तिला पुढं घेत नव्हते. पुढं दोन वर्षांनी थोरला झाला, मग मुलगी झाली, आई नातवंडं खेळवून गेली. सगळं मागं पडलं. बायकोनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. तिला आठवत नसावं, असं मी धरून चाललो होतो. माझ्या सोयीचं होतं ते.

आता सुनेचं. आशाताईनं दोन दिवसांनी पुन्हा तपासायला सांगितलं. ते दोन दिवस आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. बायकोनं देवाला दिवा लावला, पण साखर काढली नाही. शेजारीण ताक मागायला आली तर तिला दारातूनच वाटी दिली. मी बघत होतो. तिच्या 'थोडं थांबू'ची किंमत तिनं चाळीस वर्षं जपून ठेवली होती.

दोन दिवसांनी रेघ आली. पण जशीच्या तशी, पुसट. वाढली नाही. मुलगा तिला तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. रक्तातला तो रस मोजतात, तो मोजला. कमी होता. दोन दिवसांनी परत मोजला, आणखी उतरला होता. बाईंनी बजावून सांगितलं, एका कुशीला जोरात दुखलं, चक्कर आली, तर रात्र असली तरी निघून यायचं. गर्भ कधी कधी नळीतच रुजतो आणि ते जिवावर बेततं. तसं काही नव्हतं. दोन दिवसांनी पाळी आली.

बाईंनी सुनेला सांगितलं ते तिनं घरी येऊन सांगितलं. "राहिलं होतं. टिकलं नाही. असं पुष्कळ जणींचं होतं, कित्येकींना पाळी उशिरा आली एवढंच वाटतं. पहिल्या दिवसांतलं जातं ते बहुतेक वेळा मुळातच गणित जुळलेलं नसतं म्हणून. तू वजन उचललंस म्हणून नाही, काही खाल्लंस म्हणून नाही. तुझी चूक नाही."

त्या संध्याकाळी बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. मी बाजूला पाटावर बसलो होतो. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली, करपल्याचा वास आला. मी म्हणालो, "भाकरी." तिचं लक्ष नव्हतं. ती म्हणाली, "म्हंजे तवा माझंबी आसंच आसंल का वो?"

चाळीस वर्षं तिनं तो प्रश्न पोटात ठेवला होता. मी जेवणाकडं बघत राहिलो.

तिला काय उत्तर द्यायचं? 'व्हय, आसंलच' म्हणणं सोपं होतं. तिला बरंही वाटलं असतं. पण मला माहीत नाही. त्या वर्षी ती हडकली होती, काम दांडगं होतं, मुलाची चिंता होती. अशानंही पाळी पुढं जाते. पट्टी नव्हती, रक्त मोजलं नव्हतं. 'नसंल' म्हणणंही तितकंच खोटं. आणि खोटेपणा एवढाच नव्हे. 'नव्हतंच' हा निवाडा एकदा त्या घरात झालेला होता आणि मी गप्प राहून त्याच्यावर अंगठा उठवलेला होता.

मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. कुणी म्हणेल, चार दिवसांचं ते काय धरायचं? त्याला नाव नाही, रूप नाही, ते धरून रडत बसायचं का? माझंही तसं म्हणणं नाही. सून दोन दिवस रडली आणि कामाला लागली. बायकोही कुणासाठी रडत नव्हती. पण जमिनीत मोड येऊन वर न येताच वाळलेल्या दाण्याला आपण 'उगवलंच नाही' म्हणतो, ते आपल्या हिशेबापुरतं. आपल्याला पीक मोजायचं असतं. दाण्याला मोड आलेला असतो, तो मी स्वतः उकरून पाहिला आहे. पीक आलं नाही हे खरं आणि मोड आला होता हेही खरं. यातलं एक सांगून दुसरं झाकलं की माणसावर खोटेपणाचा आळ येतो. तो आमच्या घरात एका बाईवर आला, आणि पट्टी निघाली म्हणून दुसरीवर आला नाही. चांगलं झालं. पण पट्टी नसती तर? बाईचं म्हणणं खरं धरायला आपल्याला प्लास्टिकची साक्ष लागावी का? पुसट रेघही शेवटी एकट्या सुनेनंच पाहिली होती. तिच्यावर विश्वास ठेवला म्हणून ती रेघ झाली, नाहीतर तो राखट डागच ठरला असता.

तेव्हा माझ्यापुरतं मी असं ठरवलं आहे. पुसट असेल त्याला पुसटच म्हणावं. दयेपोटी ते गडद करू नये आणि सावधपणाच्या नावाखाली पुसून टाकू नये. 'ठाऊक न्हाई, थांबू' हे बोलणं मला आधी पळवाट वाटायचं. वडील 'बघू की' म्हणायचे तेव्हा राग यायचा तो त्यामुळंच. पण पळवाटेत आणि थांबण्यात फरक आहे. पळणारा चष्मा आणायला जातो, मोटार चालू करायला जातो. थांबणारा तिथंच बसून राहतो. वडील 'बघू की' म्हणून घरी निघून जात नव्हते, रोज पहाटे तासाच्या तोंडाशी येऊन बसत होते.

त्या संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "ठावं न्हाई. आसंलबी. पन तू खोटं बोलली नव्हतीस. आन् सांगितलं तर मीच व्हतं. मी तवा बोलाया पायजे व्हतं."

ती काही बोलली नाही. करपलेली भाकरी तिनं स्वतःच्या ताटात घेतली. मी ती काढून माझ्या ताटात घेतली. एवढंच.

सुनेचं पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. हा लेख लिहिला तो मी तिला वाचून दाखवला. इथवरचं लिहा म्हणाली. पुढचं लिहू नका म्हणाली. तिची बातमी आहे, तिनं सांगेल तेव्हा सांगेल.

बायकोचं मात्र एक सांगतो, तिनं होकार दिला आहे. गेल्या उन्हाळ्यात तिचं अंग बाहेर येण्याचं दुखणं बळावलं म्हणून तिला तालुक्याला नेलं होतं. डॉक्टरीणबाई नवीन होत्या, तरुण. कागद पुढं घेऊन विचारत होत्या. वय किती, पाळी बंद होऊन किती वर्षं झाली. मग विचारलं, "आजी, बाळंतपणं किती?"

"दोन."

"आणि दिवस किती वेळा गेले होते?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "तीनदा."

बाईंनी मान वर न करता तीन लिहिलं आणि पुढचं विचारलं. मीही काही बोललो नाही. आम्ही बाहेर आलो. एसटीला अजून अवकाश होता. स्टँडवर बाकडं मोकळं होतं, तिथं तिला बसवलं आणि दोन चहा सांगितले.